जीवराम मिस्तरींची सरकती झडप

कापडण्याच्या आसपास एखाद्या दाराची चौकट अर्धा सूत जरी कललेली दिसली, तर ती जीवराम मिस्तरींनी बसवलेली नाही असं बेलाशक समजावं! हे मिस्तरींचं स्वतःचंच म्हणणं होतं आणि दिवसातून दोनदा तरी ते कुणाला ना कुणाला ऐकवत. त्यांच्या पेटीत गुण्या होता, ओळंबा होता, पाणसळ होती. पण ती सगळी हत्यारं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मिस्तरींचं खरं हत्यार म्हणजे नजर. फळी उचलायची, तिचं टोक गालाशी न्यायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून पार शेवटापर्यंत पाहायचं. मग फळी बोलली नाही तरी मिस्तरी बोलत.

"देवनी माले दोन डोया दिधात," ते सांगत, "पन मी एकच वापरस. दुसरा जसाना तसा नवा शे!"

अशा माणसाच्या नातीच्या डोळ्यात दोष निघावा, हा त्यांना घराण्याचा अपमान वाटला.

नात मंजू, पहिलीत. शाळेत आरोग्य तपासणीची माणसं आली, त्यांनी तिचा डावा डोळा झाकला आणि फळ्यावरचं वाचायला सांगितलं. मंजू म्हणाली, "फळा कुठेय?" एवढंच निमित्त. सूनबाई पुनम तिला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि संध्याकाळी येताना जाड भिंगांचा चष्मा, चिकटपट्ट्यांचा एक डबा आणि चिठ्ठी घेऊन आली.

मिस्तरींनी लगेच स्वतःची तपासणी केली. मंजूला ओट्यावर बसवलं, तिच्या कानाच्या रेषेत आपलं डोकं आणलं, डावा डोळा मिटला आणि तिच्या दोन्ही बुबुळांवरून नजर सोडली. "एका ओळमा शेतस! केसभरना फरक नही!"

"आबा, डोळे सरळच आहेत," पुनम म्हणाली. "पण उजव्याचा नंबर फार मोठा आहे. त्यातून जन्मापासून धूसर दिसायचं, म्हणून मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलंय. आता त्याला कामाला लावायला हवं. सात-आठ वर्षांच्या आत लावला तर चांगला सुधारतो. पुढे अवघड होत जातं. मंजूला सात पुरी व्हायला पाच महिने राहिलेत, आबा!"

यातलं पहिलं वाक्य मिस्तरींनी ऐकलं. 'डोळे सरळच आहेत' म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं, आणि समाधान झालेला माणूस पुढचं ऐकत बसत नाही. ते रंधा घासायला निघून गेले.

घरात माणसं इनमीन चार. मुलगा ज्ञानेश्वर दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर; महिन्यातून दोनदा यायचा. पुनम धुळ्याला एका शाळेच्या ऑफिसात कारकून. सकाळी नऊच्या एसटीने जायची, साडेपाचच्या एसटीने परतायची. मंजूची शाळा सकाळची. तेव्हा दुपारी दोन ते सहा, पट्टीचे चार तास, हे मिस्तरींच्या वाट्याला आले. पुनमने कपाटाच्या दारावर कागद चिकटवला: 'पट्टी डाव्या डोळ्यावर. चष्मा कायम. मणी ओवणे, रंगवणे, वाचणे.' खाली दोन रेघा मारल्या. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

पहिल्या सोमवारी मिस्तरींनी कागदात लिहिल्याप्रमाणे डाव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि मण्यांची वाटी पुढे ठेवली. मंजूने मणी उचलला. दोऱ्याचं टोक मण्याच्या आजूबाजूला सगळीकडे गेलं, भोकात तेवढं गेलं नाही. दुसरा मणी. तिसरा. चौथा तिने भिंतीवर फेकला. फाटकातून शेजारचे हाशमभाई पॉलिशवाले आत आले, तर ही टुणकन उठून "पप्पा उनात! पप्पा उनात!" करत धावली आणि जवळ गेल्यावर एकदम थांबली. मग जे भोकाड पसरलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"आबा, माले काहीच दिखत नही! काढा ना ही पट्टी!"

ही पोर त्यांचा जीव की प्राण होती. बायको गेल्यावर घरात जो काही आवाज उरला होता, तो या पोरीचा होता. तिला असं चाचपडताना पाहणं त्यांच्याने होईना. त्यांनी पट्टी काढली नाही, कारण सुनेला शब्द दिला होता. ते नुसते तिच्याकडे बघत बसले. आणि बघता बघता त्यांच्या मनात कारागिराचा विचार आला.

"हाशम, माले एक सांग. मी फळी दखस तव्हय कोनता डोया मिटस?"

"डावा."

"काब्रं?"

हाशमभाईंनी तीस वर्षं मिस्तरींच्या कपाटांना पॉलिश केलं होतं, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. "कामना डोया उघडा ठेवना, बिनकामना मिटना. आजून काय?"

"बराबर! मंग या पोरना बिनकामना डोया कोनता? उजवा! नी पट्टी कोठे शे? डावावर! चांगला डोया झाकी दिधा नी खराब उघडा ठेवा. असं कोनी मिस्तरी करी का?"

"पन डाक्टरनी चिठ्ठीमा डावाच लिखेल शे ना, भाऊ?"

मिस्तरी या प्रश्नाची वाटच पाहत होते. त्यांनी हाशमभाईंना समोर बसवलं. "डाक्टर कोठे बठस? पोरना समोर. मंग डाक्टरना डावा हात जठे, तठे पोरना कोनता डोया उना?"

हाशमभाईंनी आपला हात पुढे केला, मग मिस्तरींचा चेहरा पाहिला, मग पुन्हा हात. "उजवा!"

"उजवा! डाक्टरनी तिना हिसाबथीन डावा लिखा. सूनबाईनी पोरना हिसाबथीन लावा. चूक कोनीच नही, चौकट उलटी बसनी, बस्स!"

हाशमभाईंना त्यात कुठे खोट सापडेना. मिस्तरींनी पट्टी हलक्या हाताने सोडवली आणि उजव्या डोळ्यावर लावली.

आणि काय सांगावं! मंजूने पाच मिनिटांत सगळी माळ ओवली, फाटकावर बसलेल्या चिमणीच्या शेपटीची पिसं सांगितली, आणि हाशमभाईंच्या मिशीतला पॉलिशचा ठिपका दाखवून खो खो हसली. "आबा, आते बठ्ठं दिखस!"

मिस्तरींनी हाशमभाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. याहून मोठा पुरावा कोर्टातसुद्धा मागत नाहीत.

संध्याकाळी ते सुनेला सांगायला गेले. खरंच गेले. "सूनबाई, ती पट्टी..."

"लावली ना, आबा?" पुनम दमून आली होती.

"लावली."

"चार तास?"

"पुरे चार तास!"

"मग झालं. एवढं एक काम तुमच्या डोक्याने करू नका, आबा, कागदात लिहिलंय तसंच करा. बाकी मी काही मागत नाही."

आता हिला तिची चूक दाखवून हिरमुसली करण्यात काय अर्थ होता? मिस्तरी मोठ्या मनाचे. ते गप्प बसले आणि मंजूलाही गप्प बसवलं. "तुनी मायले सांगू नको बरं. तिले वाईट वाटी." मंजूने मान हलवली. तिला मणी ओवता येत होते, तिला आणखी काय हवं होतं!

रविवारी मात्र पट्टी पुनमच्या हाती असे आणि ती डाव्यावर बसे. रविवार म्हणजे घरात रडारड. मंजू पाय आपटायची, पुस्तक भिरकावायची, म्हणायची, "आबा लावतात तेव्हा असं नाही होत!" एकदा तर पुनमच्याच डोळ्यांत पाणी आलं. "आबा, तुमच्याजवळ कशी शहाण्यासारखी बसते," ती म्हणाली. "मला नाही जमत. दिवसभर बाहेर असते, म्हणून असेल." मिस्तरींना त्या वेळी तिची दया आली, आणि थोडा अभिमानही वाटला.

महिनाभरात मंजूच्या पापण्यांचे केस चिकटपट्टीबरोबर निघायला लागले. तेव्हा मिस्तरींनी हत्यारांची पेटी उघडली. सागाच्या विनियरचा पापडाइतका पातळ तुकडा कापला, काचपेपरने घासून गुळगुळीत केला. चष्म्याच्या वरच्या कडेला शिसवीची खाच केलेली बारीक पट्टी बसवली. त्या खाचेत झडप अशी बेतली की बोटाने ढकलली की इकडून तिकडे जायची. हाशमभाईंनी तिला तीन हात पॉलिश मारलं. धुळ्याच्या बाजारात कुठे मिळणार नाही असं काम झालं!

सोय अशी होती. दोन वाजता झडप उजव्या डोळ्यावर. साडेपाचला फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला की मिस्तरी म्हणत, "सरकाव!" मंजू बोटाने झडप डाव्यावर ढकलायची आणि पुस्तक पुढ्यात घ्यायची. पुनम आत आली की तिला कागदात लिहिलं होतं अगदी तसंच चित्र दिसायचं. तिने झडपेचं कौतुक केलं. "आबा, हे मात्र झकास केलंत. पापण्या तरी वाचल्या पोरीच्या!"

कीर्ती गल्लीभर गेली. पलीकडच्या झुंबरबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख लागली होती. त्या येऊन बसल्या. "मिस्तरी, माले भी एक करी द्या." मिस्तरींनी मापाने झडप बेतून त्यांच्या चष्म्यावर, मोतीबिंदूच्या डोळ्यापुढे बसवली. झुंबरबाईंनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "अय्यो! आते काहीच धूसर दिखत नही!" त्यांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनला जायचं रद्द केलं.

दीड महिन्याने पुनम मंजूला तपासणीला घेऊन गेली, चष्म्याची झडप काढून ठेवून. उतरल्या तोंडाने परत आली. उजव्या डोळ्यात काडीचा फरक नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, पट्टी नक्की लावता ना? पुनमने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, एक दिवस चुकली नाही. डॉक्टर विचारात पडल्या. म्हणाल्या, चारचे सहा तास करा.

मिस्तरींनी सहा केले! बारा ते सहा. त्यांच्या हातात कंजुषी नव्हती.

आणखी एक महिना गेला. पुनम पुन्हा जाऊन आली. त्या दिवशी तिने चप्पलही काढली नाही, तशीच ओट्याच्या पायरीवर बसली.

"एक ओळही नाही, आबा. वरचं मोठं अक्षर दिसतं, खाली काही नाही. डॉक्टर म्हणतात, असं सहसा होत नाही. कुठेतरी चुकतंय." तिने पदराने तोंड पुसलं. "मी नोकरी सोडते. उद्या अर्ज देते. घरी बसून स्वतः करते सगळं. पोरीचा डोळा माझ्या हातून जातोय आणि मी तिकडे लोकांच्या दाखल्यांवर शिक्के मारत बसलेय."

मिस्तरी हबकले. ती नोकरी पुनमने परीक्षा देऊन मिळवली होती, पोटात मंजू असताना. "आसं काय बोलस, बेटा! पोरले बठ्ठं दिखस! सुईमा दोरा टाकस ती! तक्ता खोटा असी त्या डाक्टरना!"

"आबा, तक्ता कसा खोटा असेल?"

"मी येस तुनासंगे. मी दाखाडस डाक्टरले. झडप लई चाल!"

दुसऱ्या दिवशी तिघं धुळ्याला गेले. डॉक्टर रुखसार तिशीच्या, बारीक आवाजाच्या बाई होत्या. मिस्तरींना त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली. मिस्तरी बसले नाहीत. जे सिद्ध करायचं ते उभ्यानेच करायचं होतं.

"मॅडम, तुम्ही पोरले घाबराडतस, म्हनीसन ती वाचत नही. आते दखा. मंजू, झडप लाव!"

मंजूने चष्मा चढवला, रोजच्या सवयीने बोटाने झडप सर्रकन उजव्या डोळ्यावर ढकलली आणि तक्ता वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. चौथी, पाचवी! शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा पोरीने न अडखळता म्हणून टाकली. मिस्तरींनी इकडेतिकडे पाहिलं. टाळ्या वाजवायला हाशमभाई हवे होते.

डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हत्या. पुनमही नाही.

"आबा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "झडप कोणत्या डोळ्यावर आहे?"

"खराब डोयावर!"

"रोज त्याच डोळ्यावर असते?"

"रोज! एक दिन खाडा नही! सूनबाईले विचारा!"

सूनबाईला काही विचारायची गरज नव्हती. ती खाली बसली होती, भिंतीला टेकून, आणि बोटांवर महिने मोजत होती.

डॉक्टरांनी मिस्तरींना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हा डोळा आजारी नाही. तो कामाला लागलेला नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर फार वेगळा आहे, म्हणून मेंदू चांगल्याकडूनच सगळं काम करून घेतो. चांगला झाकला, तरच दुसऱ्याला काम मिळतं. तुम्ही त्याला अडीच महिने आणखी झोपवलंत.

"पन मॅडम," मिस्तरींचा आवाज आता पडला होता, "आम्हीन मिस्तरी लोक कामना डोया उघडा ठेवतस, नी..."

"तुम्ही कोणता मिटता?"

"डावा."

"कधी उजवा मिटून पाहिलंय?"

"काब्रं पाहू? उजवावर मना बठ्ठा धंदा शे."

"खिळा ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसते का कधी?"

"ती तर बठ्ठासना अंगठावर बसस!"

"एकाच डोळ्याने पाहिलं की अंतराचा अंदाज चुकतो," म्हणत डॉक्टरांनी त्यांचा उजवा डोळा आपल्या तळहाताने झाकला. "समोर वाचा."

मिस्तरींनी मान पुढे काढली. मग मागे घेतली. मग डोळा बारीक केला.

"तक्ता काढी लिधा का?" त्यांनी विचारलं.

"तक्ता आहे तिथेच आहे, आबा."

नंबर बसवून पाहिला, भिंगं बदलून पाहिली. वरचं एक अक्षर कसंबसं ढगासारखं दिसलं, आणि तेही ते 'ग' म्हणाले तेव्हा 'प' होतं. डॉक्टर म्हणाल्या, जे मंजूला आहे तेच तुम्हाला लहानपणापासून असणार. घराण्यात चालत येतं कधीकधी. तुमचा चांगला डोळा कुणी झाकला नाही, म्हणून हा तसाच राहिला. अडुसष्टाव्या वर्षी आता यात फारसं काही होणार नाही. "पण हिचं होऊ शकतं. आजपासून."

साठ वर्षं मिस्तरी ज्याला राखीव ठेवलेला नवा डोळा म्हणत होते, तो कधी चालूच झाला नव्हता. हे त्यांना खुर्चीतून उठतानाही नीट पटत नव्हतं. बाहेर पडताना ते दरवाजाच्या चौकटीला खांद्याने थडकले आणि सवयीने चौकट कशी बसवली आहे ते पाहायलाही विसरले.

एसटीत पुनम खिडकीशी बसली, मंजू मध्ये. कापडण्याचा फाटा येईपर्यंत पुनम एवढंच बोलली. "पाच महिने होते, आबा. त्यातले अडीच गेले." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मिस्तरींना बरं वाटलं असतं.

घरी येताच ते आधी झुंबरबाईंकडे गेले आणि त्यांच्या डोळ्यावरची झडप काढून घेतली. "ऑपरेशनले जा, अक्का. मी चुकनू." झुंबरबाई तयार होईनात. मग मिस्तरींनी स्वतः सरकारी दवाखान्यात जाऊन नवी तारीख आणली. त्यानंतर त्यांनी मंजूचा चष्मा घेतला, झडप डाव्या डोळ्यावर नेली, खाचेत सरस भरला आणि वरून दाभणाएवढी खुंटी मारली. आता ती हलणार नव्हती, हॉर्न वाजला तरी.

आणि एक केलं. आपल्या वाचायच्या चष्म्यावर, उजव्या बाजूला, स्वतःसाठी तशीच झडप बसवली. यांची मात्र बिजागरीवरची, कारण यांना कधी कधी जेवायचंही होतं. "पोर जेवढा वेळ बठी, तेवढा वेळ मी भी बठसू," त्यांनी झडप खाली टाकून हाशमभाईंना सांगितलं. "डोया सुधारो का न सुधारो."

"भाऊ," हाशमभाई म्हणाले, "हे तू खांबले सांगी ऱ्हायना. मी आठे शे."

शाळा सुटल्यापासून सहा वाजेपर्यंत आजोबा आणि नात ओट्यावर बसू लागले. गल्लीतल्या लोकांना दोन दिवस करमणूक झाली, मग त्यांनी नाद सोडला. चहा बशीत ओतायला जावं तर धोतरावर. खिळा उचलायला जावं तर तो खिळा नव्हेच, मुंगळा! आणि शेजारी मंजू रडायची, मणी फेकायची, "माले नही दिखत, आबा," म्हणायची. पूर्वी मिस्तरींना या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. आता होता. तिचा चेहरा समोर असून त्यांना त्यावर डोळे कुठे, तोंड कुठे ते ओळखू येत नव्हतं. पहिल्या दिवशी ही अशाच जगात चाचपडत होती आणि आपण तिला त्यातून सोडवलं म्हणून मिरवलो, याची त्यांना लाज वाटायची. ते चाचपडत तिचा हात शोधायचे. "बठ, बेटा. माले भी नही दिखत. आपन दोन्ही बठू."

पुनमने नोकरी सोडली नाही. ज्ञानेश्वरने फोनवर समजावलं, डॉक्टरांनीही. पण ती सासऱ्यांशी बोलायची थांबली. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, औषध वेळेवर. मात्र, "मंजू, आबांना सांग, ताट वाढलंय." मंजू शेजारीच बसलेल्या आबांना सांगायची. मिस्तरी मंजूलाच सांगायचे, "मायले सांग, उनू." ते त्यांनी निमूट सोसलं. त्यांच्या लेखी ही शिक्षा कमीच होती.

असे पाच आठवडे गेले. रविवार होता, पुनमला सुट्टी होती, ती आत भाकरी करत होती. सकाळीच एका गिऱ्हाइकाने सागाची फळी आणून ओट्याला टेकवून ठेवली होती. सहा फूट, रसरशीत, नव्या चौकटीसाठी. मिस्तरी तिच्याकडे पाहत नव्हते. ते तिच्याकडे पाहत नव्हते असं त्यांनी स्वतःला चारदा बजावलं. मंजू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली बसून पिवळे मणी वेगळे करत होती, पाठ अर्धी वळलेली.

मिस्तरींनी फळी उचलली. नुसता हात फिरवायला. हात फिरवता फिरवता तिचं टोक गालाशी आलं. आणि मग त्यांच्या अंगठ्याने, त्यांना न विचारता, उजव्या डोळ्यावरची झडप बोटभर वर केली. एकच क्षण. फळी जरा डावीकडे बाकदार होती.

"आबाऽऽ!"

मिस्तरींनी झडप खाली टाकली.

"आबा, तुम्ही झडप वर करी! चोरीसन दखी ऱ्हायनात!"

"नही वं, बेटा! मी कोठे..."

"खोटं! अंगठानी वर करी! नी दुसरा डोया मिटा!"

मिस्तरी कावरेबावरे झाले. खोटं बोलून सावरायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. ही तिकडे. आपण इकडे. आणि हिचा डावा डोळा...

हातातली फळी धाडकन खाली पडली. ते धडपडत अंगणात गेले, वाटेत तुळशीला गुडघा आपटला, मंजूच्या चष्म्याला दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. झडप डाव्यावर होती. सरस घट्ट, खुंटी घट्ट, कडेला सुईचं टोक जाईल एवढीही फट नव्हती.

"तुले आठेन दिखनं?" त्यांनी विचारलं. "या डोयाघाई? बठ्ठं दिखनं?"

"हो ना! तुम्ही लबाडी करी!"

"सूनबाई!" मिस्तरी गल्ली दणाणेल असे ओरडले. "ओ सूनबाई! भाईर ये! मी चोरी करताना सापडनू!"

पुनम पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला वाटलं म्हातारा पडला. मंजूने सगळा गुन्हा पहिल्यापासून सांगितला, अंगठ्यासकट. पुनम ऐकत राहिली. मग तिने मंजूला पुन्हा लिंबाखाली नेऊन उभं केलं, खांदे धरून सरळ केलं, आणि ओट्यापर्यंत पावलं मोजत आली. सात.

"मंजू, आबांना म्हणावं, परत करा."

मिस्तरींनी अंगठ्याने झडप उचलली.

"उघडी!" लिंबाखालून आवाज आला.

खाली टाकली.

"झाकली!"

मिस्तरींनी झडप तशीच ठेवून जीभ बाहेर काढली.

"आई, बघ ना! आबा जीभ दाखवताहेत!"

पुनम हसली आणि हसता हसता ओट्यावर बसून तिने पिठाचे हात तसेच तोंडाला लावले. खांदे हलत होते. मिस्तरी जीभ आत घ्यायचं विसरून उभे होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या बाबतीत दोघांतही काही दोष नव्हता.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. चेहऱ्यावर पीठ फासलं होतं. सव्वा महिन्यात पहिल्यांदा ती सरळ त्यांच्याकडे पाहून बोलली.

"आबा."

"काय, बेटा?" मिस्तरी चटकन पुढे झाले.

"तुमच्या झडपेलाही आता खुंटी मारायची. आणि ती मी मारणार."